प्लास्टरमध्ये नसलेलं वर्तुळ

प्लास्टर साच्यातून सोडवून, कडांना चिकटलेला गुलाबी लगदा अंगठ्यानं खरवडून, नळाखाली धुऊन तिनं ते खिडकीपाशी उजेडात धरलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्यावर वर्तुळं नाहीत. बाकी सगळं होतं. गळ्याच्या हाडांमधली खोलगट जागा होती, डाव्या खांद्याखालचा उठावदार तीळ होता, बरगड्या होत्या, त्यांच्यावर जेमतेम उचललेली, कुणीतरी मध्येच काम टाकून उठून गेलं असावं अशी छाती होती, दोन्ही टोकं होती, त्यातलं उजवं किंचित खाली पाहणारं. कातडीवरची बारीक जाळीसुद्धा उतरली होती. तो लगदा म्हणजे माणसांच्या दातांचे साचे घ्यायची पावडर. हिरडीवरची एक सुरकुती सोडत नाही, ती कातडी कशाला सोडेल! पण ज्या दोन गडद, पसरट वर्तुळांपायी हा एवढा खटाटोप चालला होता, ती कुठं दिसेनात. पांढऱ्यावर पांढरं. बोट फिरवलं तर टोकांभोवती बारीक वाळूसारखी कणी लागत होती, आणि ती कुठं संपते ते बोटालाही नेमकं सांगता येत नव्हतं.

सुट्टीची दुपार होती. दात करायच्या लॅबच्या दाराला तिनं आतून कडी घातली होती. भिंतीवरच्या फळ्यांवर अनोळखी माणसांचे जबडे ओळीनं मांडलेले होते आणि सगळे तिच्याकडे बघून दात विचकत होते. साचा घेणं ही कसरतच झाली होती. स्वतःच्याच अंगावर घाईघाईनं लगदा थापायचा, तो घट्ट होताहोता वर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या बसवायच्या, मग अर्धाच श्वास घेत भिंतीला टेकून पुतळ्यासारखं उभं राहायचं. नेमकं तेव्हाच नाक खाजायला लागलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साच्यांवर काम केलं, पण साच्याच्या आतल्या बाजूला उभं राहायची ही पहिलीच वेळ. पुढं वाकून अंग जरा हलवल्यावर सगळं एकदम सुटून तळहातांवर आलं, तेव्हा तिला हलकं वाटलं होतं. मग त्या साच्यात प्लास्टर ओतलं. आणि आता हे. प्लास्टर आकार सांगतं, रंग सांगत नाही, हे तिला का कुणी शिकवायला हवं होतं? दात करताना आधी आकार, मग रंग, हा क्रम तिच्या हाताला इतका सवयीचा होता की त्याचा वेगळा विचार कधी करावा लागत नसे. पण स्वतःच्या बाबतीत ती ते साफ विसरली. तिच्या मनात त्या वर्तुळांना माप होतं, वजन होतं, जाडीसुद्धा होती; कपड्यांखाली दोन चकत्या बांधून फिरावं तशी ती त्यांना घेऊन फिरत आली होती. आणि प्लास्टरचं म्हणणं असं की इथं तसं काही नाहीच. नुसता रंग आहे. मग पुढच्या आठवड्यात कापायचं ते काय? तिनं प्लास्टर टेबलावर ठेवलं, हात पुसले, आणि स्टुलावर बसून ती त्याच्याकडे बघत राहिली. खरं तर आनंद व्हायला हवा होता. तो होईना. दात पडलेल्या जागी जीभ पुन्हापुन्हा जावी तसं तिचं बोट त्या दोन कोऱ्या जागांवर जात होतं. ती काहीतरी शोधत होती, आणि आपण शोधतोय याचंच तिला नवल वाटत होतं.

पोहण्याच्या तासानंतर कपडे बदलायची एक लांबट खोली होती शाळेत. फरशी कायम ओली, वर एक झरोका, बाकांवर टॉवेलांचे बोळे. मुलींनी आपापलं अंग टॉवेलाच्या आत लपवून, दातांत एक टोक धरून, कोपरांनी चड्ड्या बदलायची कला साधली होती. तिचा टॉवेल सुटला. क्षणभरच. वर्गातली सगळ्यात हसरी मुलगी, जिच्याशी तिचं काही वाकडं नव्हतं, ती सहज बोलून गेली, "अगं बाई, हिच्याकडे कप नाहीतच, नुसत्या बशा!" मुली हसल्या. तीही हसली. विनोद चांगला होता, हे तिला तेव्हाही कळलं होतं. तिच्या स्वभावाची गोम हीच की चांगलं काम दिसलं की ते आपल्याविरुद्ध असलं तरी ती मनातल्या मनात मान डोलावते. त्या दिवसापासून तिचं नाव बशी पडलं. मुलांनीही ते उचललं, का ते त्यांना ठाऊक नसताना. ‘ए बशी, वही दे.’ ‘बशी आली का?’ शाळा सुटेपर्यंत तिला खऱ्या नावानं फक्त शिक्षक हाक मारत. घरी येऊन तिनं आईला सांगितलं. नाव पडल्याचं सांगितलं नाही; आपलं असं का आहे, एवढंच विचारलं. आई तेव्हा चष्म्याच्या दुकानात काम करत असे. दिवसभर गिऱ्हाइकांपुढं आरसा धरून ‘ही जरा मोठी होतेय हो तुम्हाला’, ‘ही बघा, चेहरा उघडला’ असं सांगायचं तिचं काम. पाय गरम पाण्यात बुडवून ती बसली होती. वर न बघता म्हणाली, "माझ्यासारखं आहे. त्यात काय!" विषय संपला. धीर द्यायला म्हणाली होती ती, पण मुलीनं ते निकालासारखं ऐकलं. त्यानंतर आरशापुढं उभं राहिलं की तिला स्वतःच्या अंगावर आईचं काहीतरी दिसायचं, आणि आईकडे बघताना दोघींच्या कपड्यांखाली तेच एक गुपित आहे असं वाटून ती नजर फिरवायची. आईला तिनं उघडं कधी पाहिलं नव्हतं. आई न्हाणीघरातून पूर्ण कपडे घालून, वरपर्यंत बटणं लावूनच बाहेर येई.

एवढ्या एका गोष्टीवर आयुष्य अडलं असंही काही नव्हतं, आणि कुणी तसं सुचवलं तर तिला राग आला असता. ती शिकली, कामाला लागली, कामात पटाईत झाली. शहरातले निम्मे दवाखाने आपले अवघड दात तिच्याकडेच पाठवत. लग्न झालं, चाललं तितकं चाललं, मग दोघांनी नीट बसून, चहा पिऊन, मोडलं. नवऱ्याला तिच्या अंगाबद्दल काही तक्रार नव्हती. उलट तो म्हणायचा, "मला तर आवडतात तशीच." आपण ज्या भिंतीला वेगळा रंग द्यायचा बेत करतोय तिची पाहुण्यानं तारीफ करावी, तसं तिला वाटायचं. भिंत त्याला आवडते हे ठीक. राहायचं मला आहे. चाळिशी उलटल्यावर, मूल होणार नाही हेही मनात शांतपणे मिटल्यावर, एका सकाळी दात घासताना तिला एकदम स्वच्छ कळलं की आता हे करून टाकायचं. कुणी टोमणा मारलेला नव्हता. प्रेमात पडली नव्हती. हातातली कामं वेळेवर चालली होती, आई बरी होती, आणि तिला दुसरी छाती हवी होती. दात घासून झाल्यावरही हवीच होती.

सर्जनबाई तिच्याच वयाच्या होत्या, आणि बोलताना कागदावर चित्र काढत. ते तिला पहिल्याच भेटीत आवडलं. "दोन्ही एकदम करू," त्या म्हणाल्या होत्या. "नुसते इम्प्लांट घातले तर कातडी ताणली जाईल, आणि तिच्याबरोबर हे वर्तुळही. म्हणजे जे नको तेच आणखी मोठं."

"आणि नुसतं वर्तुळ लहान केलं तर?"

"तर बाहेरची एक गोल पट्टी काढून उरलेलं आत ओढून घ्यायचं, पिशवीच्या तोंडाला नाडी असते ना, तसं. टाका आतल्या आत गोल फिरतो. पण तसं ओढलं की पुढचा भाग दबतो. तुमच्याकडे दबायला फार काही नाही."

"तेवढं मलाही माहीत आहे," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

"म्हणून दोन्ही एका बैठकीत. एक ताणतं, एक आवळतं. पण एकाच टाक्यावर दोन्हीकडून ओढ येते, तेव्हा धोकेही नीट ऐका. वर्तुळ पुढं थोडं पसरू शकतं. व्रण रुंद होऊ शकतो. इम्प्लांट जन्मभराचे नसतात."

"दातावरची कॅपसुद्धा नसते."

"आणि संवेदना कमी होऊ शकते. बहुतेकींची परत येते. काहींची नाही."

 हे शेवटचं वाक्य तिनं घरी नेलं होतं, आणि कित्येक दिवस ती त्याच्याशीच बसून होती. हात धुताना, आंघोळ करताना, ओढणी सरकताना ती लक्ष देऊन बघत होती की आपल्याला नेमकं काय काय कळतं आणि त्यातलं काय गेलं तर चालेल. हिशोब सोपा नव्हता. त्या जागा तिला बघायला नकोशा होत्या, पण त्यांना जे कळत होतं ते नकोसं कधीच नव्हतं. शेवटी तिनं आईलाच विचारलं, कशासाठी ते न सांगता. आईचे वरचे सगळे दात गेले तेव्हा कवळी तिनंच केली होती. लॅबमधलं तिचं सगळ्यात देखणं काम, पुढचा एक दात मुद्दाम केसभर वाकडा ठेवलेला, कुणाला संशय येऊ नये म्हणून. "आई, कवळी लावल्यापासून चव लागते का पहिल्यासारखी?" आईनं विचार केला. "थोडी कमी. टाळूवर काहीतरी आहे असं वाटत राहतं." मग म्हणाली, "पण चावता येतं. आणि हसता येतं. सुरुवातीला चवीची आठवण यायची, आता नाही येत." ते उत्तर घेऊन ती सर्जनबाईंकडे गेली आणि तारीख ठरवून आली.

खरी अडचण त्यानंतर आली. आईला सांगायचं होतं. ऑपरेशननंतर काही दिवस हात वर करायला मनाई, घरात आईखेरीज दुसरं कुणी नाही, तेव्हा सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि त्याहीपेक्षा, आईपासून लपवून हे करणं तिला कमीपणाचं वाटलं असतं. जेवणं झाल्यावर तिनं सांगून टाकलं, साध्या शब्दांत, दाताच्या कामाबद्दल सांगावं तसं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"दात पडले म्हणून मी कवळी लावली," आई म्हणाली. "तुझं काय पडलंय?"

"पडायला मुळात होतं कुठं, आई?"

आई हसणार होती. ओठ हललेही. पण मग तिचा चेहरा बंद झाला. "मोठं करून घ्यायचं ते समजलं मला. हौस असते. पण ते दुसरं कशाला? ते गोल कापायचं?"

"मला लहान हवंय."

"म्हणजे माझ्यासारखं नको, असंच ना?"

 आई उठली, मोरीपाशी गेली, कवळी काढून वाटीत ठेवली. भांडणात हा तिचा शेवटचा डाव असे. दात काढले की ती बोलत नसे, आणि बिनदातांच्या बाईशी वाद घालणं मुलीला जमत नसे. त्यानंतर दोघी एकमेकींशी चांगल्या वागत होत्या. बिलं, भाजी, नळाचा गळका वॉशर, सगळ्यावर बोलत होत्या. ऑपरेशन मात्र दोघींच्या मध्ये ठेवलेल्या खुर्चीसारखं होतं. दोघी वळसा घालून जात. मुलीला परवानगी नको होती, ती वयानंच मिळाली होती. तिला एवढंच हवं होतं की आपण जे अंगावरून काढतोय ते आईनं स्वतःच्या अंगावरून काढल्यासारखं समजू नये. आणि तसं समजलीच, तर आपण टेबलावर झोपू तेव्हा आई आपल्याविरुद्ध बसलेली असेल, ही कल्पना तिला कुठल्याही व्रणापेक्षा जास्त बोचत होती.

साचा घ्यायची कल्पना मात्र तिची, पक्की तिच्या धंद्यातली. सर्जनबाईंनी म्हटलं होतं, काय हवंय त्याचे फोटो आणा, सगळ्या आणतात. तिला दुसऱ्या बायकांचे फोटो घेऊन जाणं चमत्कारिक वाटलं. दुसऱ्याचा दात दाखवून कुणी ‘असा करा’ म्हणालं की ती म्हणते, तो त्यांच्या तोंडात बरा दिसतो. खरा दात करण्याआधी मेणाचा करून तोंडात बसवून बघायचा असतो. तेव्हा आधी आपलं प्लास्टर, मग त्यावर मेण, मग बोलणी. असा सरळ विचार करून ती त्या दुपारी लॅबमध्ये आली होती, आणि आता त्या कोऱ्या छातीपुढं बसून तिला वाटत होतं की प्लास्टरनं आपल्याला मध्येच एक प्रश्न विचारून ठेवलाय. नुसता रंग आहे, तर कापायचं कशाला, रंगच घालव ना? तिनं मेण तापवलं. हातांना काम असलं की डोकं नीट चालतं, हा तिचा जुना अनुभव. थर चढत गेले, बरगड्यांच्या वरचा तो अर्धवट सोडलेला भाग भरत आला, खालची गोलाई आली, तिनं सुरीनं ती तासली, बोटाच्या उबेनं गुळगुळीत केली. आणि मग, ठरवलेलं नसताना, सवयीनं, डावी बाजू उजवीपेक्षा किंचित हलकी करून टाकली. ते लक्षात आल्यावर ती स्वतःशीच म्हणाली, बाई गं, इथंही? पण खरं दिसत होतं ते. आता ते एका बाईचं अंग दिसत होतं. फक्त आंधळं. डोळे मिटलेल्या चेहऱ्यासारखं. तिनं हिरड्या रंगवायचा तपकिरी रंग काढला, बारीक कुंचला घेतला, आणि टोकांभोवती आधी अगदी लहान वर्तुळ रंगवलं. बाहुली झाली. पुसलं. मग तिचं जसं होतं तसं, मोठं रंगवलं. मेणाच्या फुगीरपणावर ते आणखीच पसरलं, सर्जनबाई म्हणाल्या होत्या तसं. पुसलं. तिसऱ्यांदा मधलं रंगवलं, कड जरा धूसर ठेवली, आणि कुंचला खाली ठेवून मागं सरकली. बराच वेळ ती बघत होती. तिला कळलं की ही वर्तुळं आपल्याला नाहीशी करायची नव्हतीच कधी. ती नसलेलं अंग तिनं आत्ताच पाहिलं होतं आणि ते तिचं नव्हतं. तिला ती आपल्या मापाची हवी होती. एवढं साधं, पण ते कळायला आधी ती नाहीशी व्हावी लागली.

दुसऱ्या दिवशी ते टॉवेलात गुंडाळून घरी न्यायला निघाली तेव्हा पोर्सेलीनचं काम करणारे म्हातारे सहकारी, ज्यांना लॅबमध्ये सगळे आजोबा म्हणत, गाठोड्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "कुणाचा गं एवढा जबडा? घोड्याचा?"

"माझं घरचं काम आहे, आजोबा."

"असेल. आम्ही कोण विचारणार! पण मेणाचा अख्खा डबा संपवलास. घोड्याकडून वसूल कर."

घरी तिनं गाठोडं जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेली. परत येते तर आईनं टॉवेल बाजूला केला होता. आई उभी होती, चष्मा लावून, दोन्ही हात पाठीशी धरून, दुकानात काचेच्या कपाटातली चीज बघावी तशी.  मेण तिनं एका बाजूचं काढून ठेवलं होतं, सर्जनबाईंना आधी आणि नंतर असं दोन्ही दाखवायला. म्हणजे निम्मी छाती भरलेली, रंगवलेली, आणि निम्मी जशीच्या तशी, कोरी.

"हे तुझं?"

"हो."

आई त्या कोऱ्या बाजूकडे झुकली. "मला क्षणभर माझंच वाटलं. तू पोटात यायच्या आधीचं." तिनं एक बोट पुढं केलं, टोकाजवळ नेलं, लावलं नाही. "इतकं काही वाईट नाही गं दिसत."

"वाईट आहे असं मी कधी म्हटलं?"

"मग?"

"मला दुसरं हवंय, आई. घर चांगलं असलं तरी माणूस बदलतोच की. आधीच्या घराला शिवी देऊन नाही कुणी निघत."

 रंगवलेल्या बाजूकडे आईनं पुष्कळ वेळ पाहिलं. मग टॉवेल पुन्हा नीट घातला, कोपरे मुडपून, आणि म्हणाली, "जेवणाचं टेबल आहे हे." त्यावरून काय समजायचं ते मुलीला कळलं नाही. येणार का म्हणून विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं असतं तर आई आली असती. पण विचारल्यामुळं आली असती. तिनं लॅबमधल्या एका मैत्रिणीला सांगून ठेवलं, गरज पडली तर ये, आणि बॅग भरली.

ऑपरेशनच्या सकाळी ती खोलीतून बाहेर आली तर आई दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली होती. पायांत बूट, मांडीवर पिशवी, केस पाणी लावून बसवलेले.

"कुठं निघालीस?"

"तू निघालीस तिथं. टॅक्सी बोलाव, माझ्याच्यानं जिने चढउतर दोनदा होणार नाही."

टॅक्सीत दोघी आपापल्या खिडकीतून बघत होत्या. दुकानांची शटरं वर जात होती, एक माणूस फूटपाथवर पाणी मारत होता. मुलीला भूक लागली होती आणि काही खायचं नव्हतं. तिला भीती वाटेल असं वाटलं होतं. तसं काही होत नव्हतं. अवघड केस हातात घेताना होते तशी एक कोरडी, चोख सावधगिरी मात्र अंगभर होती. शेजारी आई होती, पण कोणत्या बाजूनं होती ते अजून कळलेलं नव्हतं.

दवाखान्यातली खुणा करायची खोली लहानशी, खूप उजेडाची होती. एक आरसा, एक स्टूल, भिंतीत गार वारा सोडणारं यंत्र. आई पडद्याबाहेर थांबेल असं तिनं धरलं होतं. आई सरळ आत आली आणि आरशाकडे पाठ करून स्टुलावर बसली. सर्जनबाई जांभळं पेन घेऊन आल्या. "अशा उभ्या राहा. खांदे सैल. आडवं पडलं की सगळं जागेवरून हलतं, म्हणून खुणा उभ्यानंच." तिनं गाऊन खांद्यांवरून सोडला. सर्जनबाईंनी गळ्यापासून खाली एक रेघ ओढली, छातीखालच्या घड्या आखल्या, मागं सरकून बघितलं, पुन्हा आखलं. मग ट्रेमधून वर्तुळाचं माप ठरवायच्या स्टीलच्या तीन कड्या काढून तळहातावर मांडल्या. एक अंगठीएवढी वाटावी अशी, एक मोठी, एक त्यांच्या मधली. "शेवटचं माप मी आत इम्प्लांट बसल्यावरच घेणार. पण तुमचा कल मला आत्ता, शुद्धीवर असताना हवाय. नंतर तुम्ही बोलायच्या स्थितीत नसाल."

ती उत्तर देणार इतक्यात आई स्टुलावर वळली. तिनं आधी कड्या पाहिल्या. मग मान वर करून मुलीकडे पाहिलं, त्या उजेडात, पुरतं. मुलगी झाकून घ्यायला हलली नाही.

"सगळ्यात लहान घे," आई म्हणाली.

"काय?"

"करायचंच आहे तर अर्धवट कशाला? मी असते तर सगळ्यात लहान घेतली असती." मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सर्जनबाई तिथं नाहीतच अशा आवाजात, "तुझ्या वडिलांना जन्मात कधी दिवा लावू दिला नाही मी. बिचारे अंधारात धडपडायचे. एकदा पायाचं बोट मोडून घेतलं टेबलावर."

सर्जनबाईंनी ओठ घट्ट मिटले. मुलीला हसू फुटलं, ते आवरेना, छातीवरच्या जांभळ्या रेघा वरखाली व्हायला लागल्या. आईही हसली, तोंडावर हात न ठेवता. आणि हसता हसता मुलीला कळत गेलं की गरम पाण्यात पाय बुडवून बसलेल्या त्या बाईनं वर का पाहिलं नव्हतं.

"मधली," हसू ओसरल्यावर ती सर्जनबाईंना म्हणाली. "मधली द्या. कड फार कोरीव नको."

"मधली का?" आईनं विचारलं.

"लहान मला शोभणार नाही."

आईनं मान एका बाजूला कलती केली, मुलीकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. "हं," ती म्हणाली. "खरं आहे. बटण लावल्यासारखं दिसलं असतं."

"मग मधली," सर्जनबाई म्हणाल्या आणि पेन घेऊन जवळ आल्या, आताच्या वर्तुळाची बाहेरची कड आखायला. थोड्या वाकल्या आणि थांबल्या. "थंडीनं सगळं आखडलंय. कातडी अशी गोळा झाली की कड खोटी दिसते, मी आतच रेघ ओढेन. हे यंत्र काही माझं ऐकत नाही. पाच मिनिटं थांबू, गाऊन घ्या अंगावर."

आई उठली. पिशवी स्टुलावर ठेवली. तिनं दोन्ही तळवे एकमेकांवर जोरजोरानं घासले, तोंडाशी नेऊन त्यांत फुंकर घातली, पुन्हा घासले. "अशी ये," म्हणाली, आणि मुलगी पुढं झाली तसे तिनं ते तळवे तिच्या छातीवर पालथे ठेवले, दोन्हीकडे एकेक. म्हातारे, कोरडे, कढत हात. मुलीनं डोळे मिटले. ऊब आधी टोकांना लागली, मग कडेकडेनं पसरत गेली, आणि कुठवर पसरतेय ते तिला सगळं, अगदी बारीकसुद्धा कळत होतं. उद्यापासून इतकं कळेल न कळेल. आज कळत होतं. आईच्या हातांखाली कातडी हळूहळू सैल सुटत होती.

"डॉक्टर," हात न काढता आई म्हणाली, "पेन उघडून तयार ठेवा. हात काढला की हे फार वेळ असं राहत नाही."